शोकेसमधला तीळ

“मग लेन्स घे की! कॅमेऱ्याची बॉडी बदलून असं काय मोठं होणार आहे?”

“काय होणार आहे? आपल्या या डबड्याने कमी उजेडात एक फोटो काढून बघ. माणसाच्या तोंडावर मूठभर वाळू फेकल्यासारखे दाणे येतात.”

“ते दाणे मी काढते ना!”

“तू काढतेस, तू काढतेस! म्हणून मी जन्मभर दाणेदार फोटोच काढत बसू? नव्यात दोन मेमरी कार्डं बसतात, बेबी. एक मेलं तरी दुसऱ्यावर फोटो जिवंत. गेल्या वर्षी त्या लग्नाच्या फोटोंचं कार्ड मेलं, तेव्हा कोण रडलं होतं?”

“तू.”

“हो, मी! मग?”

“मग अजून एकदा रड. पण कॅमेरा नको.”

“अगं, दोन वर्षं माझ्यामागे भुणभुण कुणाची होती? ‘दादा, डोळ्यावर आपोआप फोकस धरणारा घे. दादा, मोठ्या सेन्सरचा घे. दादा, मान मोडणार नाही असा हलका घे.’ आणि आता घ्यायला निघालो तर हिचं शेपूट वाकडं!”

“घे ना. कोण नको म्हणतंय? फक्त गुरुवारी नको.”

“का? गुरुवारने काय घोडं मारलंय तुझं?”

गुरुवारने काय घोडं मारलंय ते बेबीला पक्कं ठाऊक होतं, पण ते घशापर्यंत यायचं आणि तिथूनच मागे फिरायचं. सोमवार संध्याकाळपासून हेच चाललं होतं. आज मंगळवार.

“गुरुवारी वहिनीला डॉक्टरांकडे ने,” शेवटी ती म्हणाली.

दादाने हातातला माहितीपत्रकांचा गठ्ठा टेबलावर आपटला. “तुझं डोकं ठिकाणावर आहे का? डॉक्टरांनी स्वतः कळवलं, घाई नाही, सहा महिन्यांनी दाखवा. भेट रद्द केली आपण. बसची तिकिटं परत होत नव्हती, म्हणून म्हटलं त्याच तिकिटांवर दोघं जाऊ, कॅमेरा आणू, तिलाही जरा मोठ्या शहरात फिरवून आणू. यात तुझ्या पोटात दुखण्यासारखं काय आहे?”

तेवढ्यात पडदा सरकला आणि वहिनीचं नुसतं डोकं आत आलं. “बाहेर गिऱ्हाईक बसलंय. त्याला वाटतंय, आत खून पडलाय. पडला असेल तर सांगा, मी त्याला उद्या बोलावते.”

“हिलाच विचार,” दादा म्हणाला. “कॅमेरा नको म्हणते.”

“वन्सं,” वहिनी म्हणाली. थट्टा करायची असली की ती बेबीला मुद्दाम असं जुन्या वळणाने हाक मारायची. “घेऊ दे हो त्यांना. नवीन खेळणं मिळालं की आठ दिवस तरी आपल्या डोक्यावरून उतरतील.”

डोकं हसलं. डाव्या गालावर, जबड्याच्या जरा वर, तीळ होता. हसताना तो कानाकडे सरकायचा. बेबीने मान खाली घातली आणि उगाचच कीबोर्डवरची धूळ फुंकली.

स्टुडिओ तसा लहानच. पुढे काउंटर आणि गिऱ्हाइकांसाठी बाक, मधे पांढऱ्या पडद्यासमोर एक स्टूल आणि दोन दिवे, आणि मागे खिडकी नसलेली खोली, तिच्यात बेबीचा कॉम्प्युटर. फोटो काढायचा दादाने. काउंटरकडचं सगळं वहिनीचं: नोंदवह्या, पाकिटं, आणि फोटोआधी माणसांना माणसांत आणणं. कुणाची कॉलर वर असली तर खाली, कुणाची हनुवटी खाली असली तर वर. “दात दाखवू नका,” ती सांगायची, “पण आहेत असं वाटू द्या.” माणूस खुदकन हसायचा, आणि तेवढ्यात दादाचं बोट पडायचं.

राहिलेलं बेबीचं. ती दादाहून सहा वर्षांनी धाकटी, म्हणजे आता शेहेचाळीस. पण शेंडेफळाला एकदा बेबी म्हटलं की केस पांढरे झाले तरी सुटका नसते. गिऱ्हाइकं मात्र तिला ‘खोडरबर’ म्हणायची. एकदा एक नवरा मुलगा थेट काउंटरवर येऊन विचारता झाला, “खोडरबर मॅडम आहेत का? मला दाढी करताना लागलंय.”

नऊ वर्षांपूर्वी ती अशी नव्हती. छापखान्यात मजकूर टाइप करायची. छापखाना बंद पडला, लग्न आधीच राहून गेलं होतं, आणि सदतिसाव्या वर्षी ती दादाच्या घरी येऊन राहिली. चार महिने पाहुण्यासारखी वागली. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायची नाही, पंखा लावू का म्हणून विचारायची. एक दिवस वहिनी तिला हाताला धरून स्टुडिओत घेऊन आली, मागच्या खोलीतली खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, “हे यंत्र माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशी बोलतं का बघ.”

यंत्र बोललं. महिन्याभरात बेबीला ब्रश समजला, लेअर समजले, त्वचेचा रंग वेगळा करून दुरुस्त कसा करायचा आणि तिचा पोत कसा तसाच ठेवायचा, तेही समजलं. नवशिके गाल नुसते घासून गुळगुळीत करतात, मग माणूस मेणाचा दिसतो. बेबीच्या हाताखालून गेलेला माणूस माणूसच दिसायचा, फक्त रात्री नीट झोपलेला. चेहरे दुप्पट-तिप्पट मोठे करून बघायची तिला इतकी सवय झाली, की रस्त्यात कुणी नमस्कार केला तर नाव आठवायचं नाही, पण डाव्या नाकपुडीजवळचा खड्डा आठवायचा.

तिने स्वतःपुरता एक नियम केला होता. जे माणसाबरोबर आलंय ते ठेवायचं, जे दिवसाबरोबर आलंय ते काढायचं. मुरूम, ओरखडा, जागरणाचं काळं, हे दिवसाचं. तीळ, व्रण, खळी, हे माणसाचं. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी व्रणाला हात लावण्याआधी ती दोनदा विचारायची.

वहिनीचा तीळ तर माणसाचाच. पहिल्याच वर्षी, दुकानाच्या शोकेससाठी वहिनीचा मोठा फोटो काढला तेव्हा वहिनी तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. “बाकी काय हवं ते कर गं, पण तीळ तेवढा ठेव. माझ्या आईला त्याच जागी अस्साच होता.” बेबीने ठेवला. कडा साफ केल्या, रंग एकसारखा केला. मोहरीएवढा, गोल, देखणा. काम इतकं झकास जमलं, की तेवढा तुकडा तिने वेगळा जपून ठेवला. फाइलला नाव दिलं, ‘तीळ’.

शोकेसमधला फोटो दर वर्षी बदलायचा. स्टूल तेच, दिवे तेच, कॅमेरा उभा करायची फरशीवरची खूणसुद्धा तीच. दुसऱ्या वर्षी तिळाची एक बाजू जरा फिकट आली होती. उजेडाचा दोष, बेबीला वाटलं. तिने जपलेला तुकडा वर चिकटवला, ब्रशने कडा मिसळल्या, झालं. नंबर जेवढा मोठा तेवढा ब्रश रुंद; तेव्हा आठ नंबरचा पुरला. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. चौथ्या वर्षी तुकडा लावून झाल्यावरही भोवती तपकिरी कड उरली, तेव्हा आधी खालचा गाल साफ करावा लागला. ब्रश बाराचा. पुढे सोळा. मग एकोणीस. ब्रशचे नंबर ती मुद्दाम पाठ करत नव्हती, पण शिंप्याला गिऱ्हाइकाची कंबर सांगावी लागत नाही, तसे ते तिच्या हातात राहिले होते. मागच्या वर्षी सव्वीस.

आणि मूळ फोटो? ते नव्हतेच. डिस्क कायम भरलेली. फोटो दुरुस्त झाला की बेबी त्याच फाइलवर जतन करायची आणि दादा कार्ड रिकामं करायचा. गिऱ्हाइकांच्या लग्नांचे मूळ फोटो वर्षभर ठेवायचे असा दुकानाचा दंडक होता, पण घरच्या माणसाचे कोण ठेवतं?

तीन आठवड्यांपूर्वी अर्जाचा फोटो काढायला एक नर्स आली. वहिनी तिची कॉलर सारखी करत होती, आणि नर्स कॅमेऱ्याकडे न बघता वहिनीच्या गालाकडे बघत होती. “हा तीळ कधीपासून आहे तुम्हाला?”

“जन्मापासून. तो बघा की,” वहिनीने शोकेसकडे बोट केलं. “आणि आत त्याआधीच्या वर्षांचे पण आहेत. सगळीकडे अस्साच.”

“तरी एकदा दाखवून घ्या,” नर्स म्हणाली.

वहिनीने हसण्यावारी नेलं, पण दादाने नेलं नाही. त्याने चार तासांवरच्या शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरांची भेट ठरवली. तिथून निरोप आला: आजचा जवळून काढलेला एक स्वच्छ फोटो आणि जुने तीन-चार, तुलनेसाठी आधी पाठवा. गेल्या रविवारी दादाने फोटो काढला आणि बेबीच्या हवाली केला. वहिनी मागून ओरडली, “डोळ्यांखालचं काळं काढ हं! डॉक्टर माणूस बघणार आहे.”

बेबीने काळं काढलं. मग गालावर आली. मग तिने ‘तीळ’ नावाची फाइल उघडली. आणि सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांचं उत्तर आलं. जुन्या फोटोंशी ताडून पाहता बदल दिसत नाही. कडा नियमित. घाई नाही.

दादाने टाळी वाजवली होती. वहिनीने पेढ्याऐवजी सगळ्यांच्या हातावर काउंटरवरची खोकल्याची गोळी ठेवली होती. बेबीने ती गोळी चघळली आणि तिला चवच लागली नाही.

आताही बाहेरून वहिनीचा आवाज येत होता. दादाने पडद्यासमोर गिऱ्हाइकाचा फोटो काढला होता आणि ते गिऱ्हाईक काउंटरवर अडून बसलं होतं.

“ते कपाळावरचे डाग तेवढे घालवा ना.”

“अहो, सरकारी कागदाचा फोटो आहे. तिथे जसे आहात तसेच लागता.”

“दोन डागांनी काय होतंय?”

“होतं हो! उद्या तिकडे खिडकीवरच्या माणसाने म्हटलं, हा फोटो वेगळा आणि हा माणूस वेगळा, तर तुम्ही घरी जाल आणि आमची खोडरबर आत जाईल. बेबी, ऐकतेस ना? जाशील का तुरुंगात यांच्या डागांसाठी?”

गिऱ्हाईक हसलं. दादा हसला. मागच्या खोलीत बेबीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, लहानपणी परीक्षेत धरायची तसे. तिला रविवार आठवत होता. सगळा नाही, दोन सेकंद. तुकडा लावायच्या आधी तिचा हात थांबला होता. नक्की थांबला होता. सवय सवय म्हणून ती कालपासून स्वतःला समजावत होती, पण सवयीचा हात थांबत नाही.

गिऱ्हाईक गेलं. बेबी पडदा सारून बाहेर आली. वहिनी शोकेसची काच आतून पुसत होती आणि दादा बाकावर माहितीपत्रकं पसरून फोनवर कॅमेऱ्याच्या दुकानदाराशी बोलत होता. “नाही नाही, जुन्या लेन्स बसायला हव्यात. कडं घालून बसतील म्हणता? आणि दुसरी बॅटरी बरोबर देणार ना?”

“वहिनी, तो फोटो मी दुरुस्त केला होता.”

“याचा? अगं, आत्ताच तर त्याला एवढं व्याख्यान दिलं मी!”

“याचा नाही. तुझा. डॉक्टरांना पाठवला तो.”

“मग? मीच नाही का सांगितलं? कसली गोड आले होते मी त्यात. डॉक्टर म्हणाले असतील, एवढ्या टवटवीत बाईला कशाला तंगडतोड करायला लावायची.”

“तीळपण.”

“तीळपण काय?”

“तीळपण दुरुस्त केला. डॉक्टरांनी बघितला तो तुझा आत्ताचा तीळ नाही. नऊ वर्षांपूर्वीचा आहे. मी तोच चिकटवते. दर वर्षी.”

वहिनीचा हात काचेवर तसाच राहिला. दादा फोनवर “हो, गुरुवारी” म्हणत होता, तो मधेच थांबला. “मी नंतर करतो,” म्हणून त्याने फोन ठेवला.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला.

“शोकेससाठी काढलेले सगळे फोटो. डॉक्टरांना पाठवलेले जुने चार, ते त्यातलेच. सगळ्यांत एकच तीळ आहे. खरा वेगळा होता.”

“वेगळा म्हणजे?”

“मोठा. मोठा होत गेला.”

“हे तुला कसं माहीत?”

“ब्रशवरून. आधी आठचा पुरायचा. मग बाराचा लागला. मागच्या वर्षी सव्वीस.”

“आणि रविवारी?”

“चौतीस.”

वहिनीला ब्रश-बिश काही कळायचं नाही. तिने फडका काउंटरवर ठेवला आणि विचारलं, “म्हणजे केवढा गं?”

बेबीने अंगठा आणि बोट जवळ आणलं. “आधी मोहरीएवढा. आता कॉलरच्या बटणाएवढा. आणि एका अंगाने काळा, एका अंगाने तपकिरी. कडा फाटलेल्या कागदासारख्या.”

वहिनीचा हात गालाकडे गेला. मग ती काउंटरखालच्या खणातला छोटा आरसा घेऊन शोकेसजवळ गेली. एकदा आरशात बघितलं, एकदा फोटोत. “मला कसं कळलं नाही?” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “रोज सकाळी शटर उघडलं की आधी हिच्याकडे बघते मी. म्हणते, बरी आहे, काल होती तशीच आहे.”

दादा उठला. त्याचे कान लाल झाले होते. “नऊ वर्षं! नऊ वर्षं तुला दिसत होतं आणि तू तोंड शिवून बसलीस? अगं, परक्या बाईला एका नजरेत दिसलं! तू काय डोळे गहाण टाकले होतेस? आणि परत डॉक्टरांना... डॉक्टरांना खोटा फोटो!”

“दादा, मी—”

“काही बोलू नकोस! मी त्या माणसाचे आभार मानले फोनवर! आणि तू तिथेच उभी होतीस, गोळी चघळत!”

“तुम्ही थांबा,” वहिनी म्हणाली.

“थांबू काय? हिने—”

“तुम्हीही होताच ना कॅमेऱ्याच्या मागे. नऊच्या नऊ वेळा. तुम्हाला दिसला?”

दादा बाकावर बसला. त्याच्या बुडाखाली माहितीपत्रकं चुरगळली, ती त्याने काढलीसुद्धा नाहीत.

वहिनी बेबीकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बेबीला बरं वाटलं असतं.

“दर वर्षीच्या फोटोंचं मी समजू शकते. मीच म्हणाले होते, तीळ ठेव. तू ठेवलास. जरा जास्तच ठेवलास. पण रविवारी का गं? डॉक्टरांकडे जाणार होता तो. सवयीने?”

“सवयीने.”

“खरं सांग.”

बेबीने ओठ चावला. “अर्धं सवयीने. मग... मग हात थांबला होता माझा. मला कळलं होतं, हा जसाच्या तसा जायला हवा. पण जुने चार दादा शेजारीच लावणार होता. नवा खरा आणि जुने माझे, असे पाच शेजारी शेजारी आले असते तर त्याने लगेच विचारलं असतं, हे काय? एका वर्षात एवढा? मग सगळंच बाहेर आलं असतं.”

“म्हणून तू नवा जुन्यासारखा केलास.”

“हो.”

“म्हणजे दादाने तुझ्यावर ओरडू नये, म्हणून.”

“हो.”



वहिनी पांढऱ्या पडद्याजवळ गेली. स्टुलावर बसली. नेहमी दुसऱ्यांना बसवायची तशी स्वतःच ताठ बसली, केस कानामागे सारले, डावा गाल उजेडाकडे केला. “काढ.”

दादा उठून कॅमेऱ्याकडे गेला.

“तुम्ही नाही. ती काढेल.”

बेबीने आजवर त्या खोलीत एकही फोटो काढला नव्हता. तिच्याकडे चेहरे यायचे ते काढून झालेले, सपाट, काचेमागचे. तिने कॅमेरा हातात घेतला. दादाचं ते ‘डबडं’ तिच्या मनगटांना झेपेना. तिने तो ट्रायपॉडवर लावला, अगदी जवळून टिपणारी लेन्स चढवली, दिवा थोडा कडेने घेतला, म्हणजे उंचसखलपणा दिसेल. हे सगळं तिला वाचून माहीत होतं. पहिला फोटो हलला. दुसरा हलला.

“श्वास सोड आणि मग दाब,” दादा बाकावरून, तिच्याकडे न बघता म्हणाला.

तिसरा आला. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर तीळ भरून राहिला होता. बेबीने तो इतक्या वेळा बघितला होता, पण बघायचा तो पुसण्यासाठी. बघण्यासाठी म्हणून आज पहिल्यांदा बघत होती. वरच्या बाजूला एक जिभेसारखा भाग बाहेर आला होता आणि त्याच्या टोकाला वाळलेल्या रक्ताचा ठिपका होता.

“हे रक्त कधी आलं?”

“पंधरा दिवस झाले. टॉवेल लागला की येतं,” वहिनी म्हणाली. “रविवारीसुद्धा होतं की. तू पुसलं असशील.”

बेबीने कार्ड काढलं, फोटो फोनवर घेतला. वहिनीने फोन तिच्याच हातात ठेवला. “पाठव. आणि खाली लिही: आधी पाठवलेले पाचही फोटो खोटे होते.”

“दुरुस्त केलेले होते, असं लिहू?”

“खोटे लिही.”

बेबीने ‘खोटे’ लिहिलं. पुढे स्वतःहून लिहिलं, तीळ आठ-नऊ वर्षांत हळूहळू वाढला आहे, मी दर वर्षी पाहिला आहे, अलीकडे रक्त येतं. मग पाठवलं. पाठवल्यावरही ती फोन धरूनच उभी राहिली, जणू आता तोच काही सांगणार होता.

त्याने सांगितलं, पण अर्ध्या तासाने. डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. दादाने घेतला. “हो... हो, साहेब. चूक आमचीच. हो, घरचंच दुकान आहे. नाही, कुणी मुद्दाम... हो.” मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. बोलून झाल्यावर त्याने फोन खिशात घालायचे दोन प्रयत्न केले, दोन्ही वेळा खिसा चुकला.

“गुरुवार नको म्हणाले. उद्या सकाळी नऊला. तिथेच काढतील आणि तपासायला पाठवतील. म्हणाले, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. बाकी आत्ताच काही सांगता येत नाही.”

“पहाटेची बस धरावी लागेल,” वहिनी म्हणाली. “तुम्ही स्टँडवर जाऊन विचारून या, किती वाजता सुटते. आणि उद्याच्या त्या अल्बमवाल्यांना परवा बोलवा.”

दादा निघाला. दारात थांबून त्याने बेबीकडे बघितलं. मग तो निघून गेला. बाकावर माहितीपत्रकं पसरली होती. एकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, त्वचेचा खरा रंग. बेबीने ती गोळा केली, कुठे ठेवावीत ते न सुचून पुन्हा बाकावरच ठेवली.

वहिनी नोंदवही उघडून उद्याची नावं खोडत होती. एक, दोन, तीन. तिसऱ्यावर तिचं पेन थांबलं.

“बेबी, मला एक सांग. इतकी वर्षं तू हे माझं तोंड एवढं मोठं करून बघत होतीस. तुझ्या मनात एकदाही आलं नाही का, की हिला सांगावं? नुसतं आपलं, सहज? चहा पिताना?”

बेबीला खोटं बोलता आलं असतं. नाही आलं मनात, म्हटलं असतं तर ती मूर्ख ठरली असती, आणि मूर्ख ठरणं आत्ता फारच सोपं होतं.

“आलं होतं,” ती म्हणाली. “तीन वर्षांपूर्वी. फोटो करता करता उठले होते मी खुर्चीतून, तुला हाक मारायला.”

“मग?”

“मग तू बाहेरून ओरडलीस, की एक घाईचं गिऱ्हाईक आलंय, त्याचं आधी कर. ते केलं. नंतर... नंतर राहिलं.”

वहिनीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते बेबीला कळलं नाही. जिच्या भुवईचा केस न् केस तिला पाठ होता, तिचा चेहरा आज तिला वाचता येत नव्हता. कधी रागावली तर वहिनीची हनुवटी वर जायची, रडायच्या आधी खालचा ओठ आत जायचा. यातलं काहीच झालं नव्हतं. चेहरा नुसता होता.

“वहिनी, शिव्या घाल मला. घाल ना. या घरात आले तेव्हा मला पंखा लावायची हिंमत होत नव्हती गं. तू मला खुर्ची दिलीस. आणि मी त्या खुर्चीत बसून...”

वहिनीने नोंदवही मिटली. खणातून पर्स काढली, तीत डॉक्टरांच्या पत्त्याची चिठ्ठी, किल्ल्या आणि चष्मा टाकला. खांद्यावरचा धागा झटकला. हे सगळं तिने रोज घरी जाताना लागायचा तितक्याच वेळात केलं, ना घाईने, ना रेंगाळत.

“मी येऊ उद्या बरोबर?” बेबीने विचारलं. “लांब बसेन. बोलणार नाही. पण तिथे कुणी विचारलं, कधीपासून वाढला, किती वाढला, तर ते फक्त मलाच सांगता येईल. येऊ?”

वहिनी दाराशी गेली. वाकून चपला सरळ केल्या, एकीत पाय घातला, मग दुसरीत. समोरून एक बाई लहान मुलीला घेऊन पायऱ्या चढत होती. वहिनीने त्यांना वाट दिली, मुलीच्या फ्रॉकचा दुमडलेला गळा जाता जाता सरळ केला, आणि बेबीकडे न बघता पायऱ्या उतरून घरच्या रस्त्याला लागली.